शब्दांची यादी मिटून वाक्यं उघड

एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते:

"ताई, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकले, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. घरात कोकणी. केमिस्ट्रीत बीएस्सी करून आता कुंडईला एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये काम करते. बाहेर जाऊन एमएस करायचं आहे, म्हणून सप्टेंबरात जीआरई ही प्रवेशपरीक्षा देणार. ते नाहीच जमलं तर कॅट, झॅट देऊन साखळीला एमबीए. मावसभावाने त्याच्या ओळखीतून एक जुनं पुस्तक आणून दिलं. त्यातले रोज चाळीस शब्द मराठी अर्थासकट पाठ करते. रविवारी उजळणीला बसले की अर्धेअधिक गेलेले असतात. जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचं व्याकरणाचं जाड पुस्तक दोनदा सोडवलं. तरी सराव परीक्षेत गणिताला 160 आणि व्हर्बलला, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाला, 144, तिथून पुढे सरकतच नाही. लॅबमध्ये इंग्रजी बोलताना अडखळले की दोघी-तिघी हसतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला हे जमण्यासारखं आहे का? क्लास लावू का? फी ऐकून आईबाबांकडे विषय काढायचा धीर होत नाही."

बाये, जमण्यासारखं आहे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात शाळेचा दोष कुठेच दिसला नाही. सांकवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी शाळेत फारसे शिकले नव्हते. संस्कृत आणि पाली शिकत शिकत 1910 साली ते हार्वर्डला पोचले. तू तर सात-आठ वर्षं इंग्रजीतून केमिस्ट्री शिकलीस आणि रोज इंग्रजीत अहवाल लिहितेस. तुझी मेहनतही कमी नाही. ती चुकीच्या जागी चालली आहे, एवढंच.

तुझ्या हातात जे पुस्तक आहे ते ज्या परीक्षेसाठी लिहिलं गेलं ती परीक्षा आता होत नाही. पूर्वीच्या जीआरईत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध यांचे प्रश्न असत. शब्द सुटा यायचा आणि त्याचा अर्थ माहीत असला की गुण मिळायचा. त्या काळात हजारो शब्दांची यादी घोकण्याला अर्थ होता. ऑगस्ट 2011 मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं आणि हे दोन्ही प्रकार गेले. आता प्रत्येक शब्द वाक्यात बसून येतो. सप्टेंबर 2023 पासून तर परीक्षा आणखी आखूड झाली. सगळी मिळून दोन तासांच्या आत संपते. व्हर्बलचे दोन भाग असतात, पहिल्यात 18 मिनिटांत 12 प्रश्न, दुसऱ्यात 23 मिनिटांत 15. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे, बाकीचे रिकाम्या जागांचे. व्याकरणाचा स्वतंत्र प्रश्न एकही नाही. व्याकरणाच्या पुस्तकाचंही तेच झालंय. ते जीमॅटच्या वाक्यदुरुस्तीसाठी लिहिलेलं आहे आणि जीमॅटने नोव्हेंबर 2023 मध्ये नवी आवृत्ती आणली तेव्हा तो प्रकारच काढून टाकला.

म्हणजे गेले काही महिने तू दोन अशा गोष्टींचा सराव करते आहेस ज्या तुला कोणी विचारणार नाही. 144 वर अडकण्याचं कारण मला तरी हेच वाटतं. वाईट वाटून घेऊ नकोस. पाठ केलेले शब्द वाया गेले नाहीत, पण आजपासून ते वेगळ्या तऱ्हेने हाताळायला हवेत.

सुरुवात तुझ्या लॅबपासूनच कर. केमिस्ट्रीतले कितीतरी शब्द जीआरईत माणसांच्या आणि विचारांच्या वर्णनासाठी येतात. प्रेसिपिटेट तुला परीक्षानळीच्या तळाशी बसलेला ठाऊक आहे. परीक्षेत तो उतावीळपणे घेतलेल्या निर्णयासाठी येईल, किंवा एखादं संकट ओढवून आणण्यासाठी. कॉस्टिक म्हणजे जळजळीत, झोंबणारी टीका. व्होलटाइल म्हणजे घडीत एक, घडीत दुसरं असं मन किंवा परिस्थिती. इनर्ट म्हणजे सुस्त, हालचाल न करणारा. सॉल्व्हंट म्हणजे देणी फेडण्याची ऐपत असलेला. मर्क्युरियल हा शब्द पाऱ्यासारख्या चंचल माणसासाठी आणि एब्युलियंट उत्साहाने उकळणाऱ्यासाठी. हे शब्द तू पाठ करायला गेलीस तर चाळिसातले सात होतील. लॅबमध्ये काम करता करता मनात आणलेस तर ते विसरणं कठीण.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो. जीआरई अवघड शब्दांनी जितकी अडवते त्याहून जास्त ओळखीच्या शब्दांच्या अनोळखी अर्थांनी अडवते. तुमच्याकडे उपकरण क्वालिफाय करतात, म्हणजे ते कामाला योग्य आहे असं सिद्ध करतात. परीक्षेतलं क्वालिफाइड कौतुक म्हणजे हातचं राखून, अटी घालून केलेलं कौतुक. चेक म्हणजे आवर घालणं. टेम्पर म्हणजे सौम्य करणं. फ्लॅग म्हणजे दमून ढेपाळणं. वाँट म्हणजे उणीव. आर्टलेस म्हणजे निष्कपट. आणि गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत असलेला कॅथलिक हा शब्द, इंग्रजीत लहान अक्षराने लिहिला की त्याचा अर्थ होतो व्यापक, सगळ्या प्रकारच्या आवडीनिवडींना जागा असलेला. जुन्या पुस्तकाच्या यादीत असे शब्द फारसे सापडत नाहीत, कारण ते सोपे वाटतात. वाचताना असा एखादा शब्द वाक्यात विचित्र वागताना दिसला की तिथे थांब आणि शब्दकोशातला तिसरा-चौथा अर्थही बघ. तुझ्या वहीतली सगळ्यात मोलाची पानं हीच होतील.

आता विसरण्याबद्दल. हेर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की अर्थहीन पाठांतर पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच झपाट्याने गळतं. सुटे शब्द आणि त्यांच्यापुढे एकेक मराठी शब्द, हे त्याच जातीचं पाठांतर. शिवाय तू सोमवारचे शब्द थेट रविवारी बघतेस, तोवर ते निघून गेलेले असतात. त्यावर उपाय साधा आहे. शब्द दुसऱ्या दिवशी बघायचा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. आठवला तर पुढच्या टप्प्यात, नाही आठवला तर परत पहिल्या दिवसावर. आणि नुसतं पुन्हा पुन्हा वाचायचं नाही, अर्थ झाकून आठवायचा. आठवण्याचा तो ताणच शब्द पक्का करतो. हे सगळं वेळापत्रक सांभाळणारं अँकी नावाचं ॲप अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतं आणि कंपनीच्या बसमध्ये रेंज नसली तरी चालतं. कागदाची पत्ती (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर असलेलं कार्ड) आवडत असेल तर बुटाच्या खोक्यात पुठ्ठे घालून पाच कप्पे कर, काम तेच होतं.

पण दुसऱ्यांनी तयार केलेल्या हजारो पत्त्या उतरवून घेऊ नकोस. स्वतःची पत्ती स्वतः बनव. एका बाजूला पूर्ण वाक्य, ज्यात तो शब्द तुला भेटला. शब्दाच्या जागी रेघ. दुसऱ्या बाजूला शब्द, त्याचा रोख चांगला आहे की वाईट याची एक खूण, आणि तुझ्या आयुष्यातलं तू रचलेलं एक वाक्य. रोज चाळीस नको, आठ पुरेत. पाच महिन्यांत हजाराच्या वर होतात आणि तेवढ्या शब्दांवर तुझी पकड बसली तर यादीतले उरलेले अडीच हजार नसले तरी चालतील.

एकाच घराण्यातले शब्द एकत्र ठेवलेस तर त्यांच्यातला फरकही कळतो. कमी बोलणारे चौघे घे. टॅसिटर्न हा स्वभावानेच अबोल. रेटिसंट मनातलं उघड करायला नाखूश. लॅकॉनिक मोजक्या शब्दांत बोलणारा. टर्स तर इतका थोडक्यात बोलतो की कधी कधी तुटक वाटतो. मराठीत चौघांपुढेही तू 'मितभाषी' लिहिलं असशील, आणि चुकीचा पर्याय निवडायला तेवढं पुरतं.

एक प्रश्न सोडवून दाखवते. वाक्य मुद्दाम मराठीत देते, कारण त्यातला विचार कुठल्याही भाषेत तोच असतो. "समीक्षकांनी तिच्या आधीच्या संशोधनाचं कौतुक केलं असलं, तरी या नव्या निबंधाबद्दल ते ------ राहिले, त्यातले पुरावे त्यांना अपुरे वाटले." सहा पर्याय: स्केप्टिकल, इफ्यूसिव्ह, इनडिफरंट, ड्युबियस, लॉडेटरी, ॲपथेटिक. यातले दोन असे निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच होईल.

तू काय करत असशील ते मी ओळखते. आधी पर्याय वाचायचे, जोडीचे शब्द शोधायचे, जी जोडी आधी सापडेल तिच्यावर खूण करायची. इथे तीन जोड्या आहेत, आणि परीक्षक त्या मुद्दामच ठेवतात. म्हणून पर्यायांवर हात ठेव आणि आधी वाक्य वाच. 'असलं, तरी' सांगतं की दुसरा भाग पहिल्याच्या उलट जाणार. म्हणजे कौतुक करणारी इफ्यूसिव्ह आणि लॉडेटरी ही जोडी गेली. पण उलट म्हणजे नेमकं काय? दुर्लक्ष की शंका? ते शेवटच्या स्वल्पविरामानंतरचं वाक्य ठरवतं. पुरावे अपुरे वाटले, म्हणजे त्यांनी निबंध लक्ष देऊन वाचलाय. दुर्लक्ष करणारा माणूस पुरावे तपासत बसत नाही, म्हणजे इनडिफरंट आणि ॲपथेटिक ही जोडीही गेली. रिकाम्या जागेत तुझ्या मनात जो शब्द आला तो मराठीतच येऊ दे, 'साशंक'. आता हात काढ. स्केप्टिकल आणि ड्युबियस समोरच आहेत.

मनातला शब्द मराठी किंवा कोकणी असला तर चालतो का, हे मला कितीतरी मुलं दबक्या आवाजात विचारतात. खुशाल चालतो. परीक्षेच्या खोलीत तुझ्या डोक्यात कोणती भाषा चालू आहे हे कोणी तपासत नाही. तू तीन भाषांत वावरतेस, वाक्य कुठे वळलं ते तुला कळतं. घाईत ती जाण वापरायची राहून जाते. दोन किंवा तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नात तर सगळ्या जागा बरोबर भरल्या तरच गुण मिळतो, अर्धा गुण नसतो. तिथे पहिल्यापासून क्रमाने जाऊ नकोस, ज्या जागेबद्दल वाक्यात सर्वांत स्पष्ट पुरावा आहे ती आधी भर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

शब्दांची मुळं शिकावीत का, असं तू विचारलेलं नाहीस, पण गोव्यातल्या मुलीला ही एक वाट अर्धी चाललेलीच असते. आपल्या बोलण्यात पोर्तुगीजमधून आलेले शब्द आहेत आणि पोर्तुगीज लॅटिनमधून आलेली, जिथून इंग्रजीचे निम्मे जड शब्द आले. नाताळ म्हणजे जन्माचा सण, त्याच मुळातून नेटल, नेसंट म्हणजे नुकतं जन्माला येणारं, इनेट म्हणजे जन्मजात. कोकणीतला तेंप म्हणजे काळ, त्यावरून टेम्पोरल, एक्स्टेम्पोर, आणि वेळ काढत राहणं या अर्थाचा टेम्पोराइज. पाव आहे तर कम्पॅनियन आहे, सोबत भाकरी खाणारा. याचा उपयोग लक्षात ठेवण्यापुरता कर. मुळावरून अर्थाचा अंदाज बांधून उत्तर निवडायला जाऊ नकोस, तिथे फसगत होते.

आता व्याकरण. जीआरईत ते विचारत नसले तरी तुला दोन ठिकाणी लागणार आहे. एक, 30 मिनिटांत लिहायच्या निबंधात. दुसरं, लांबलचक वाक्य समजून घेताना. दोन्हीसाठी जाड पुस्तक तिसऱ्यांदा सोडवायची गरज नाही. मराठी आणि कोकणी बोलणारी मुलं इंग्रजी लिहिताना ठरावीक जागीच घसरतात, कारण आपल्या भाषेचं वळण नकळत उतरतं. तेवढ्या जागा पक्क्या केल्यास की पुरे.

सगळ्यात मोठी जागा जरी–तरीची. मराठीत 'जरी' आला की 'तरी' हवाच, म्हणून आपण ऑल्दोने सुरू केलेल्या वाक्याच्या मध्यावर बट घालतो. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच. तसंच बिकॉज लिहून पुढे सो. तसंच जो–तो मुळे 'हू' (who) लिहिल्यावर पुन्हा 'ही' (he).

दुसरी जागा काळाची. "मी तीन वर्षांपासून इथे काम करते आहे" हे मराठीत वर्तमानकाळात बसतं, म्हणून आपण आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स लिहितो. तिथे हॅव बीन वर्किंग हवं आणि सिन्सच्या जागी फॉर, कारण तीन वर्षं हा कालावधी आहे, सुरुवातीचा क्षण नाही. "मी काल पाहिलं आहे" हे आपल्या कानाला चालतं. इंग्रजीत यस्टरडे आलं की हॅव जातं, साधा भूतकाळ राहतो.

तिसरी, विभक्ती चिकटवण्याची. कशाबद्दल तरी चर्चा करतो म्हणून डिस्कस अबाऊट, कुणाशी तरी लग्न करतो म्हणून मॅरी विथ. दोन्हीकडे मधला शब्द नको. चौथी, आर्टिकलची, आणि ही सर्वांत चिवट. आपल्या भाषेत ती नाहीतच, त्यामुळे काही जण सगळीकडे गाळतात आणि काही जण घाबरून सगळीकडे द घालतात. निबंधात सोसायटी, नेचर, टेक्नॉलॉजी असे शब्द व्यापक अर्थाने येतात तेव्हा त्यांच्याआधी द लागत नाही. एवढं एक सांभाळलंस तरी निबंध वेगळा दिसू लागेल.

पाचवी जागा कुणी फारशी सांगत नाही. "तिने आंबे खाल्ले" यात आपलं क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं, तिच्याप्रमाणे नाही. कर्माकडे बघून क्रियापद बदलण्याची आपल्याला सवय आहे. इंग्रजीत क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणे, आणि कर्ता खूप मागे राहिलेला असतो. द क्वालिटी ऑफ द सॅम्पल्स असं लिहून झालं की जवळचे सॅम्पल्स दिसतात आणि हात वेअर लिहून मोकळा होतो. तिथे वॉज हवं. गेल्या महिन्यात तू लिहिलेले दोन-तीन डेव्हिएशन रिपोर्ट काढ आणि या पाच जागा लाल पेनने तपास. स्वतःच्या लिखाणातली चूक पुस्तकातल्या शंभर प्रश्नांपेक्षा लवकर सुटते.

लांब वाक्यांसाठी वाचन हवं, आणि ते थोडं कष्टाचं हवं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण वाक्याच्या शेवटाची वाट बघत वाचतो. इंग्रजी उताऱ्यात कर्ता सुरुवातीला येतो, मग मध्ये दोन ओळींची माहिती घुसते, मग क्रियापद, आणि पुढे शेपूट. वाचताना पेन्सिलने मुख्य क्रियापदाखाली रेघ मार, मग विचार, हे कोणी केलं? त्याच्याखाली रेघ मार. मधलं सगळं कंसात टाक. दोन-तीन आठवडे नेमाने केलंस की पेन्सिलीशिवाय दिसू लागेल. प्रत्येक परिच्छेदानंतर एक ओळ मराठीत लिही, लेखक इथे काय म्हणाला आणि कशासाठी म्हणाला. उताऱ्यावरचे प्रश्न बहुतेक वेळा त्या 'कशासाठी'वरच असतात.

वाचायला काय घेशील? दररोज एका इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख, हे ठीक आहे, पण पुरेसं नाही. त्याची वाक्यं परीक्षेतल्यापेक्षा सोपी असतात. मी तुला दामोदर धर्मानंद कोसंबींचे इंग्रजी निबंध सुचवेन. वर ज्यांचा उल्लेख केला त्या धर्मानंदांचे हे चिरंजीव, गणिती आणि इतिहासकार. गोव्याच्या जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, गावकारीवर (गावच्या सामूहिक व्यवस्थेवर) त्यांनी इंग्रजीत लिहिलंय. विषय आपल्या मातीतला असल्यामुळे संदर्भात अडकणार नाहीस आणि सगळं लक्ष युक्तिवादाकडे देता येईल. ते आधी दुसऱ्याचं मत मांडतात, मग त्यातली फट दाखवतात, मग पुरावा ठेवतात. जीआरईचे उतारे हुबेहूब याच चालीने चालतात. हे लेखन पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात विचार. 1832 पासूनची परंपरा असलेलं हे ग्रंथालय आपलं आहे, आणि स्पर्धा परीक्षेचं गाईड सोडून दुसरं पुस्तक मागणाऱ्या मुलांची मला फार आस्था वाटते. विज्ञानावरचे, तत्त्वज्ञानावरचे लांब लेख एऑन या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तुला सोपा जाणारा विज्ञानाचा लेख एक दिवस, आणि कलेचा किंवा इतिहासाचा दुसऱ्या दिवशी. नावडता विषय टाळायचा नाही.

एमबीएच्या वाटेबद्दल थोडक्यात. साखळीची गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट कॅट आणि झॅटचे गुण बघते. कॅटमध्ये भाषेच्या भागाला 40 मिनिटं असतात आणि गेल्या काही वर्षांत 24 प्रश्न येत आलेत, त्यातले बहुतेक उताऱ्यांवर, उरलेले विस्कटलेली वाक्यं लावणं, सारांश निवडणं असे. सुटे शब्द आणि व्याकरण तिथेही नाही. जीआरईसाठी केलेलं वाचन तिथे जसंच्या तसं उपयोगी पडेल, फक्त पर्यायी प्रश्नात चूक झाली की एक गुण कापतात हे लक्षात ठेव. झॅटमध्ये कधी कवितेवरही प्रश्न येतात. व्याकरणाचे आणि शब्दार्थाचे सरळ प्रश्न हवे असतील तर ते एनमॅट, स्नॅप अशा परीक्षांत सापडतात. त्या द्यायच्या ठरल्या तर ते जाड पुस्तक पुन्हा उघड. सप्टेंबर होईपर्यंत नको. आणि जीआरईची फी भरण्याआधी ज्या विभागांना अर्ज करणार त्यांची पानं नीट वाच. अमेरिकेतल्या कितीतरी विभागांनी आता जीआरईची अट काढून टाकली आहे.

त्या हसणाऱ्या मुलींबद्दल. अपमान झाला की तो अभ्यासाच्या टेबलावरही येऊन बसतो, हे मी खूप मुलींच्या बाबतीत पाहिलंय, म्हणून सांगते. जीआरईत बोलण्याची परीक्षा नसते. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांत असते, आणि तिथेही आपल्या उच्चारातली गोव्याची झाक गुन्हा नसते. काय म्हणालीस ते समजलं की झालं. लॅबमध्ये तू अडखळतेस कारण एकाच वेळी वाक्य जुळवतेस आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघतेस. आठवड्यातून दोनदा घरी दार लावून एका वाचलेल्या लेखाबद्दल तीन मिनिटं मोठ्याने इंग्रजीत बोल, फोनवर ध्वनिमुद्रण कर, ऐक. नवे शब्द तोंडाला लागले की लिहितानाही सुचतात. पण त्यांना दाखवून द्यायचं म्हणून अभ्यास करू नकोस. त्या मुलींना तुझ्या अभ्यासात एवढी जागा कशाला?

दिवसाचं सांगायचं तर जाताना बसमध्ये पत्त्या, येताना डोळे मिटून विश्रांती. रात्री एक तास, त्यात अर्धा तास वाचन आणि अर्धा तास प्रश्न. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त पत्त्या, बाकी काही नाही, आणि त्याची रुखरुख नको. रविवारी एक निबंध घड्याळ लावून. निबंधाचे सगळे विषय परीक्षा घेणाऱ्या ईटीएसने आपल्या संकेतस्थळावर आधीच खुले ठेवले आहेत, त्यातलाच घ्यायचा. सोडवलेल्या प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे कारण लिही: शब्द आला नाही, वळण दिसलं नाही, की उतारा नीट वाचला नाही. एक महिन्यात तुझी खरी अडचण कोणती ते त्या कारणांतून आपोआप दिसेल, आणि ती शब्दांची नसण्याची शक्यता मला जास्त वाटते.

क्लास आत्ता लावू नकोस. ईटीएसच्याच पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव परीक्षा फुकट आहेत आणि खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळच्या आहेत. पहिली जूनच्या शेवटच्या रविवारी दे, दुसरी परीक्षेच्या दोन आठवडे आधी. जूनमध्ये व्हर्बल 150 च्या आसपास पोचलं तर अशीच पुढे चालत राहा. सप्टेंबरात मनासारखं झालं नाही तर 21 दिवसांनी पुन्हा बसता येतं आणि कोणत्या दिवसाचे गुण विद्यापीठाला पाठवायचे ते तू ठरवतेस. जूनमध्ये आकडा तिथेच अडकलेला दिसला तर चुकांची ती वही आणि दोन निबंध मला पाठव. तेव्हा नेमकं कशासाठी शिकवणी हवी ते आपल्याला कळलेलं असेल, आणि पूर्ण क्लासच्या फीऐवजी तेवढ्यापुरत्याच खर्चाची गोष्ट आईबाबांपुढे ठेवता येईल.